अंधारखोलीचं दार

फोटो स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. पण त्याच्या मालकांना गल्लीत अजून सगळे स्टुडिओवालेच म्हणतात, आणि त्यांचीही काही तक्रार नाही. खऱ्या नावाने हाक आली तर उलट ते दचकतात. काहीतरी सरकारी काम असणार असं त्यांना वाटतं.

हे स्टुडिओवाले रविवारी सकाळी गुळगुळीत दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत, केसांना पाणी लावून भांग पाडत आणि आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर जाऊन बसत. घरात दुसरं माणूस नाही. बायको वारली होती आणि एकुलती एक मुलगी नोकरीसाठी लांब, विमानाने जावं लागेल इतकी लांब. मग हा थाट कोणासाठी? तर त्या मुलीसाठीच. रविवारी ती घरी यायची. म्हणजे ती नाही, तिचा बाण यायचा.

तिनेच मागे कधीतरी त्यांच्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. तिकडे तिने आपला माउस हलवला की इकडे यांच्या पडद्यावरचा बाण हलायचा. तिने तिकडे टाइप केलं की अक्षरं इकडे उमटायची. पहिल्यांदा माउसला कोणी हात न लावता बाण चालू लागला, तेव्हा स्टुडिओवाले खुर्ची मागे सारून उभेच राहिले होते. मग सवय झाली. मग चटक लागली. लहानपणी पोर एका जागी टिकायची नाही, स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यासमोर नुसती गरगर फिरत राहायची, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलेलं. आता चाळिशी उलटलेली, हाताखाली माणसं असलेली ही भिंगरी आत आली की आधी बाण तसाच गरगर फिरवायची. "आले हं," एवढाच त्याचा अर्थ. आणि स्टुडिओवाले रिकाम्या घरात मोठ्यांदा म्हणायचे, "आलीस का गं!"

फोनवर त्यांचं फारसं जमायचं नाही. ती विचारणार, जेवलात का. हे सांगणार, जेवलो. हे विचारणार, तब्येत बरी ना; ती सांगणार, बरी. पुढे काय? मग दोघंही फोन ठेवायचे. बाण आला की मात्र समोर काम असायचं, आणि काम असलं की स्टुडिओवाल्यांना माणसात आल्यासारखं वाटायचं. काम होतं शेपट्यांचं.

शेपटी म्हणजे रोलचा शेवट. रोलच्या जमान्यात लग्नाचे नाहीतर वाढदिवसाचे फोटो काढून झाले तरी रोलमध्ये एखाददुसऱ्या फोटोची जागा उरायची. रोल संपल्याशिवाय धुवायला घ्यायचा नाही, हा स्टुडिओवाल्यांचा हट्ट. फिल्म वाया घालवणं त्यांच्या जिवावर यायचं. मग उरलेल्या जागेत ते समोर जे दिसेल ते टिपून टाकत. समोर काय दिसणार? बायको आणि पोर. गावभरच्या नवरानवरींच्या मागून शेवटी या दोघी. "फोटोग्राफरच्या बायकोचा धड एक फोटो नाही," असं बायको आयुष्यभर कुरकुरली, आणि ते खरंच होतं. ठरवून, बसवून, दिवे लावून काढलेला तिचा एकही फोटो नव्हता. होत्या त्या शेपट्या. दातांत रंगाचा ब्रश धरून कोणाच्या तरी फोटोवरचे बुजवायचे पांढरे ठिपके निरखणारी ती. हात वर करून "पुरे की" म्हणणारी ती. पाठमोरी ती. गिऱ्हाइकाला निगेटिव्ह देताना स्टुडिओवाले ही शेपटी कात्रीने कापून एका पत्र्याच्या डब्यात टाकत. बायको गेल्यावर डबा उघडला तेव्हा कळलं, केवढा संसार त्यात साठलाय.

तेव्हापासून आठवडाभर ते शेपट्या स्कॅन करत आणि रविवारी भिंगरीचा बाण येऊन त्या साफ करी. धूळ, ओरखडे, बुरशीचे डाग. तिची आई सगळ्यात बारीक ब्रश ओठांनी टोकदार करून जे काम करायची तेच हे काम, आणि चिकाटीही तीच. चेहऱ्याशी आली की बाणाची चाल मंद व्हायची. स्टुडिओवाले चहाचा कप धरून बघत बसत. मध्येच ते कोऱ्या पानावर टाइप करत, 'कानाजवळ अजून एक राहिलाय', आणि खाली उमटे, 'दिसलाय हो बाबा, जरा दम धरा'. यापेक्षा वेगळं सुख त्यांनी मागितलंच नव्हतं.

त्यांचा सगळ्यात लाडका फोटो मात्र त्यांनी काढलेला नव्हता. तो बायकोने काढला होता. तिने काढलेला एकुलता एक. अंधारखोलीचं बंद दार, दारावर पेटलेला लाल दिवा, आणि दाराला टेकवलेल्या स्टुलावर शाळेच्या कपड्यांत भिंगरी, दाराला कान लावून बसलेली. फोटो जरा हललेला होता, बायकोच्या अंगठ्याची सावली कोपऱ्यात आलेली होती, पण स्टुडिओवाल्यांनी त्याला कधी नावं ठेवली नाहीत.

दुनिया त्या खोलीला डार्करूम म्हणे, त्यांच्या घरात ती अंधारखोली. तिथला कायदा कडक. फिल्म धुताना दार बोटभर जरी उघडलं तरी अख्ख्या रोलला उजेड लागायचा आणि कोणाचं तरी लग्न झालंच नाही असं व्हायचं. म्हणून बायको असो, मुलगी असो, नाहीतर खुद्द महापौर असो, दारावर टकटक करून विचारायचं, "येऊ का?" आतून "थांब" आलं की थांबायचं. "ये" आलं की यायचं. भिंगरी शाळेतून आली की दप्तरासकट त्या स्टुलावर बसायची आणि विचारायची. आतून बहुतेक वेळा "थांब"च यायचं.

त्यामुळे हा फोटो बघताना स्टुडिओवाले मनातल्या मनात पोरीची माफीही मागायचे. पोरीला बालपणभर दाराबाहेर ठेवलं आपण, असं त्यांना वाटायचं. सॉफ्टवेअर टाकताना भिंगरीने विचारलं होतं, "दर वेळी तुमची परवानगी घेऊन आत येऊ, की कायमचा पासवर्ड ठेवू?" तेव्हा ते ताडकन म्हणाले होते, "कायमचा. तू मला विचारायचं नाहीस. वाटेल तेव्हा ये." पासवर्ड अर्थात भिंगरी, आणि पुढे स्टुडिओचा जुना फोन नंबर. हाच पासवर्ड त्यांनी ईमेलला दिला, जुन्या कॅमेऱ्यांच्या शौकिनांच्या एका वेबसाइटला दिला, जिथे मागितला तिथे दिला. निदान विसरणार तरी नाही, हे त्यांचं गणित. ते सॉफ्टवेअर मधूनमधून "मला अपडेट करा" अशी चौकट दाखवी. काही बदल झाला आणि भिंगरीची वाट अडली तर? म्हणून हे अगदी डोळ्यांत तेल घालून प्रत्येक वेळी "नंतर" दाबत.

त्या रविवारी बाण यायच्या आधी फोन आला.

"बाबा, त्या कॅमेऱ्यांच्या साइटवरून लोकांचे पासवर्ड फुटलेत. तुमचाही असणार त्यात. आपण हा कायमचा पासवर्ड काढून टाकू. यापुढे मी यायला लागले की तुमच्या पडद्यावर चौकट येईल, तुम्ही 'हो' दाबलंत की मी आत."

"काही नको."

"अहो, ही घराची किल्ली आहे. ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या खुर्चीत बसल्यासारखं सगळं करू शकतो."

"माझ्या कॉम्प्युटरवाचून कोणाचं काय घोडं अडलंय?"

"त्यांना तुम्ही कोण हे ठाऊकही नसतं, बाबा. उघडं दार दिसलं की शिरतात. मी परस्पर बदलू शकते, पण कॉम्प्युटर तुमचा आहे, तुम्ही हो म्हटल्याशिवाय नाही बदलणार. म्हणा ना हो."

"मी झोपलेलो असेन, बाजारात गेलेलो असेन. तू येशील आणि बाहेर ताटकळत बसशील. ते मला चालणार नाही. स्वतःच्या घरी यायला तुला माझी परवानगी लागावी, एवढे वाईट दिवस अजून आलेले नाहीत."

"तुम्ही ना, ऐकायचं नाही म्हणजे नाहीच ऐकायचं!" आणि तिने फोन ठेवला.

त्या दिवशी बाण आला नाही. स्टुडिओवाले भांग पाडून बसले होते ते दुपारपर्यंत तसेच बसून राहिले. एकट्यानेच दोनचार शेपट्या उघडून पाहिल्या आणि मिटून टाकल्या. शर्ट काढून परत हँगरला लावला; मळलाच नव्हता.

आठवड्याच्या मध्यावर एका दुपारी ते जेवून, ताट विसळून आतल्या खोलीत आले, तर पडद्यावर बाण चालत होता.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. जेवणाच्या सुट्टीत ती कधीमधी अशी डोकावायची. रुसवा काढायला आलीय, दुसरं काय! अंगात घरातला उसवलेला शर्ट होता. त्यांनी घाईने केसांवरून हात फिरवला आणि खुर्चीत बसले. बाण काही गरगर फिरला नाही. म्हणजे अजून धुसफूस आहे, ते मनाशी म्हणाले. नाकावरचा राग तो आईचाच. बाण सरळ रेषेत तरातरा चालला होता. ईमेल उघडलं, मिटलं. हा फोल्डर उघडला, तो मिटला. मग शेपट्यांचा फोल्डर उघडला आणि बायकोच्या चेहऱ्यावरून बाण जराही न रेंगाळता निघून गेला. हे त्यांना खटकलं. पण खटकलेलं मनावर घ्यायला आधी शंका घ्यायची इच्छा लागते, आणि ती त्यांना काडीची नव्हती. त्यांनी कोरं पान उघडून टाइप केलं, 'रागावलीस का?'

बाण जागच्या जागी थांबला. मग ते पान मिटलं गेलं आणि पडदा काळा झाला.

दुसरा कोणी घाबरला असता. स्टुडिओवाल्यांचं निम्मं आयुष्य अंधारात गेलेलं. अंधार आहे म्हणजे आत काहीतरी घडतंय आणि आपण धीर धरायचा, एवढंच त्यांना ठाऊक. पोर काहीतरी करतेय, झाल्यावर दाखवील. कोरा कागद ट्रेमधल्या रसायनात सोडला की आधी काहीच नसतं. मग भुवया येतात, मग केसांचा काळेपणा, मग एकदम माणूस बघायला लागतं आपल्याकडे. त्या क्षणाला ते कधी कंटाळले नव्हते. हात मांडीवर ठेवून ते मागे रेलले. कॉम्प्युटर घरघरत होता. कितीतरी वर्षांनी त्यांना अंधारखोलीचा तो आंबूस वास आल्यासारखा वाटला. बायको बाहेर गिऱ्हाइकाशी हुज्जत घालतेय, भिंगरी स्टुलावर पाय हलवतेय, आपण आत निवांत आहोत. खरं सांगायचं तर त्यांचा तो वेळ फार सुखात गेला, आणि पुढे त्यांना स्वतःचा सगळ्यात जास्त राग आला तो याच गोष्टीचा.

फोन वाजला. भिंगरी होती.

"बाबा, कॉम्प्युटरवर कोण बसलंय? मी यायला बघतेय तर आत आधीच कोणीतरी आहे असं दाखवतंय."

"कोण म्हणजे? तूच आहेस ना आत!"

"मी बाहेर आहे, बाबा."

स्टुडिओवाल्यांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं. पलीकडे ती जवळजवळ किंचाळलीच, "वायर उपटा! पडद्याची नको, खालच्या डब्याची! इंटरनेटचीही! आधी उपटा, मग बोला!" ते गुडघ्यांवर टेबलाखाली शिरले, डोकं आपटलं, आणि हाताला लागेल ती वायर ओढत सुटले. घरघर थांबली. खोली शांत झाली. टेबलाखालीच बसून, फोन कानाला लावून ते म्हणाले, "मी त्याला विचारलं गं, रागावलीस का म्हणून."

 रडते आहे हे कळू न देता भिंगरी म्हणाली, "चला, आता फोनवरूनच ईमेलचा पासवर्ड बदलू. मी सांगते तसं करा."

दुरुस्तीवाला कॉम्प्युटर घेऊन गेला आणि दोन दिवसांनी तोंड पाडून परत घेऊन आला. कॉम्प्युटर साफ झाला होता, नव्यासारखा चालत होता. पण शेपट्यांचा फोल्डर चोराने आतून कुलपं घालून ठेवला होता. एकेका फोटोचं नाव बदलून भलतंसलतं केलेलं, उघडायला जावं तर उघडत नव्हता, आणि सोबत एक धमकी, की सोडवून हवे असतील तर आमच्याशी बोला. जास्तीची प्रत म्हणून जोडलेली डिस्क कायम कॉम्प्युटरलाच लटकत असायची, त्यामुळे तिचीही तीच गत. "त्यांच्याशी एक अक्षर बोलायचं नाही," भिंगरीने बजावलं. "आणि रडायचं नाही. मूळ निगेटिव्ह डब्यात आहेत. परत पहिल्यापासून करू."

डब्यात होत्या, हे खरं. पण सगळ्या नव्हत्या. स्टुलावरच्या भिंगरीची निगेटिव्ह ओलीने शेजारच्या पट्टीला चिकटून बसली होती. ती सोडवताना तिचे तुकडे झाले होते. ते कसेबसे जुळवून स्टुडिओवाल्यांनी फोटो स्कॅन केला होता, आणि नंतर त्या तुकड्यांवर काही दिसेनासंच झालं होतं. तेवढा स्कॅनच काय तो होता. आता तोही गेला. बायकोने काढलेला एकमेव फोटो, अंगठ्याच्या सावलीसकट.

पुढच्या रविवारी स्टुडिओवाल्यांनी दाढी केली नाही. फोन आला तेव्हा ते घरच्याच शर्टात होते.

"बाबा, दुरुस्तीवाल्याने नवीन सॉफ्टवेअर टाकलंय ना? पासवर्ड-बिसवर्ड काही नाही आता. मी विचारलं आणि तुम्ही हो म्हटलंत, तरच दार उघडणार."

"ते काढूनच टाक," ते म्हणाले. "नको मला. जन्मभर एका दाराची राखण केली मी. परक्या लोकांच्या लग्नाला कधी उजेड लागू दिला नाही. आणि घरचंच दार सताड उघडं टाकून बसलो."

"असं होतं हो. माझ्या ऑफिसातले भलेभले फसलेत."

"स्टुलावरचा गेला गं."

"माहितीये."

"तो तुझ्या आईने काढला होता."

"तेही माहितीये. त्या फोटोत मी काय करतेय, सांगा बरं."

"काय करणार? ताटकळत बसलीयेस. मी आतून थांब, थांब म्हणतोय."

"काहीतरीच काय! मी बोलतेय त्यात. दाराशी. म्हणजे तुमच्याशी." भिंगरीला आता हसू येत होतं, पण आवाज भिजलेला होता. "बाबा, स्टुडिओत तुम्ही गिऱ्हाइकांचे. घरी आलात की दमलेले. अंधारखोलीत असलात की तुम्हाला दुसरीकडे जाताच यायचं नाही, तेवढा वेळ तुम्ही माझे. बाईंनी मला वर्गाबाहेर काढलं ते मी आईला सांगितलं नाही, दाराला सांगितलं. मैत्रिणीशी कट्टी झाली तेही. आणि तुम्ही आतून म्हणायचात, 'मग?' तेवढंच. पण दर वेळी म्हणायचात."

"मी म्हणायचो?"

"मग काय! तुम्ही 'थांब' म्हणालात की मला आनंद व्हायचा, अजून वेळ आहे म्हणून. 'ये' म्हणालात की संपलंच सगळं. दार उघडायचं, तुम्ही हात पुसत बाहेर, की आलंच कोणीतरी पासपोर्ट फोटोला."

 इतकी वर्षं ज्या दाराबद्दल स्टुडिओवाले मनातल्या मनात पोरीची माफी मागत होते, त्या दाराची तिकडे पोरीला आठवण येत होती. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं म्हणा.

"आता मी विचारणार आहे," भिंगरी म्हणाली. "आणि तुम्ही खुशाल थांबवा मला."

पडद्यावर चौकट उमटली. कोणीतरी आत येण्याची परवानगी मागत आहे. खाली दोन बटणं. स्टुडिओवाल्यांनी माउसवर हात ठेवला, पण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि दोन्ही बटणं एकमेकांत मिसळून गेली होती. कोणतं हो आणि कोणतं नाही, काही समजेना.

फोनमधून टकटक आली. ती तिकडे टेबलावर बोटाने वाजवत होती.

"येऊ का?"

"थांब," स्टुडिओवाले म्हणाले.

"बरं, थांबते. तोवर ऐका. ऑफिसात काल काय झालं माहितीये? आमच्या साहेबांनी मला सगळ्यांसमोर..."

चौकट वाट बघून बघून मिटली. बोलता बोलता तिने दुसरी पाठवली. स्टुडिओवाल्यांनी डबा उघडून पहिली शेपटी उजेडापुढे धरली, स्कॅनरच्या काचेवर अलगद ठेवली, आणि फोनच्या दिशेने कान केला.

"मग?" ते म्हणाले.